कारण क्रमांक तीन

"ज्यूरीचं समन्स आलं होतं, तेव्हा तुम्ही काय कारण सांगून सुटलात?"

हा प्रश्न मार्चच्या नगरसभेत, माइकसमोर उभं राहून, अख्ख्या गावाच्या तोंडावर विचारायचा, असं टेगन आणि बेका या मैत्रिणींनी मारेन सोल्बर्गला घातलेलं आव्हान होतं. विचारला तर टेगन वर्ष संपेपर्यंत स्कूलबसमधली खिडकीची जागा सोडणार होती. नाही विचारला तर मारेनने आठवडाभर शाळेच्या जेवणातलं बीट खायचं होतं, तिघींच्या ताटातलं. मारेन सतरा वर्षं अकरा महिन्यांची, शाळेच्या आइस हॉकी संघाची गोलरक्षक. अंगावर सुसाट येणारी वस्तू छातीवर घ्यायची तिला सवय होती. आपण होऊन कोणाच्या अंगावर काही सोडायची मात्र ही पहिलीच वेळ.

परिस्थिती अशी होती. मिनेसोटा राज्यातल्या नॉर्डहोम या दोन हजार एकशे चाळीस वस्तीच्या गावात आदल्या हिवाळ्यात लॉइड हेगन हा गृहस्थ गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटात मारलेला सापडला. त्याच्याबरोबर मासे धरणाऱ्या ड्वेन प्रिबिलवर खुनाचा खटला झाला. न्यायालयात अकरा दिवस सुनावणी चालली. समन्स धाडून नागरिकांतून निवडलेल्या बारा जणांच्या ज्यूरीने दोन दिवस दार लावून विचार केला आणि ड्वेनला निर्दोष ठरवलं. हे बाराच्या बारा जण नॉर्डहोमचेच होते, कारण त्या जिल्ह्यात नॉर्डहोम सोडलं तर मुख्यतः तळी आहेत.

गावाने हाच विचार चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता चाळीस मिनिटांत आटोपला होता आणि ड्वेन दोषी असल्याचं ठरवून कपसुद्धा विसळून ठेवले होते. त्यामुळे ज्यूरीला दोन दिवस कशाला लागले, इथूनच संशयाला सुरुवात झाली.

गावाकडे पुरावा नव्हता असं नाही. ड्वेन समोरून गाडी घेऊन आला की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा नाही; नॉर्डहोममध्ये हे जन्मजात गुन्हेगाराचं लक्षण समजलं जातं. दुसऱ्या बाजूकडेही पुरावा होता. अंगणातला बर्फ काढायचं यंत्र ड्वेनने उसनं नेलं तर तो ते पेट्रोल भरून परत करायचा. असा माणूस कोणाचा जीव घेईलच कसा? या दोन पुराव्यांवर गाव उभं चिरलं. अंगणोअंगणी पाट्या लागल्या. दर चार घरांमागे तीन घरांत 'न्याय मेला', एका घरात 'न्याय झाला'. जमीन दगडासारखी गोठलेली, पाटीचा खुंट आत जाईना. तेव्हा तळ्याच्या बर्फाला भोकं पाडायची गिरमिटं बाहेर काढून लोकांनी आपापली अंगणं पोखरली. त्या हिवाळ्यात तळ्यावर मासे फार सुखात होते.

पाटी नव्हती ती एका घरापुढे. लॉइडच्या आईच्या, इव्हलिन हेगनच्या. ऐंशीच्या पुढची ही बाई सुनावणीचे अकराही दिवस न्यायालयात दुसऱ्या बाकावर बसून होती, आणि ज्यूरी सोडली तर सगळा खटला ऐकलेली गावातली ती एकटीच. तिला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. दुःखात त्रास द्यायची नॉर्डहोममध्ये पद्धत नाही.

कोणाला तोंडावर वाईट बोलायचीही पद्धत नाही. फारच झालं तर 'वेगळं आहे' म्हणतात, आणि आपल्या पडद्यांना किंवा सुनेला कोणी 'वेगळी आहे' म्हटलं की समजणारा माणूस आठवडाभर जेवत नाही. त्यामुळे ज्यूरीतल्या बारा जणांना कोणी काही बोललं नाही. गावाने फक्त त्यांचा हॉटडिश खाणं बंद केलं.

मारेनची आई जोलीन ही ज्यूरीतली चौथ्या क्रमांकाची. चर्चच्या बुधवारच्या सहभोजनाला ती वर्षानुवर्षं तोच हॉटडिश न्यायची: काचेच्या भांड्यात खिमा, घेवडा, दाट मश्रूम सूप आणि वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्या, रांगेत शिस्तीने मांडलेल्या. निकालानंतरच्या पहिल्या बुधवारी त्या गोळ्या जशा गेल्या तशाच परत आल्या. एकही रांग मोडली नव्हती. दुसऱ्या बुधवारी तसंच. लोक टेबलाशी येत, "किती छान दिसतंय, जोलीन" म्हणत आणि पुढच्या भांड्यात चमचा घालत. मग तो हॉटडिश सोल्बर्गांच्या घरी गुरुवारी, शुक्रवारी आणि तग धरला तर शनिवारी खाल्ला जाई. गावाचा अभिप्राय असा सात आठवडे मारेनच्या पोटात साठत गेला.

आई काही बोलली नाही. निकाल का दिला, ड्वेनने केलं की नाही, एक अक्षर नाही. आठव्या बुधवारी तिने ते काचेचं भांडं धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिलं, जसे मेलेल्या माणसाचे बूट ठेवतात. मारेनने ते शिडीखालून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये टेगन-बेकाला म्हणाली, आव्हान मंजूर.

मारेनचे वडील कर्ट विमा विकत. त्यांच्याकडे 'मेला' आणि 'झाला' दोन्हीकडच्या घरांचे विमे होते. म्हणून त्यांनी स्वतःची वेगळी पाटी करून घेतली होती: 'सोल्बर्ग कुटुंब सर्व मतांचा आदर करतं'. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाचता यावी म्हणून ती पाटी दोन्ही अंगांना छापलेली होती.

सभेत सहावा विषय 'निकालाशी नगराची असहमती नोंदवणारा ठराव' असा होता. नगराध्यक्ष वेंडेल नायगार्ड यांनी नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं दिली. बारा जणांनी गावाला मान खाली घालायला लावली, हे सांगायला चौदा जण उभे राहिले आणि प्रत्येकाने सुरुवातीला, आपल्याला त्या बारा जणांबद्दल नितांत आदर असल्याचं सांगितलं. पंधरावी मारेन. तिने माइक आपल्या उंचीला आणला आणि प्रश्न विचारला.



"पोरी, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही," नायगार्ड मायेने म्हणाले.

पण नगरसचिव लोइस ट्वेट नियमाला पक्की होती. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "नियम नऊ. तीन मिनिटांच्या आत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात जातो. प्रश्न गेला की उत्तरही जावं लागतं, वेंडेल. तुझ्यापासून सुरू करू?"

इथे दुसऱ्या एखाद्या गावात आरडाओरडा झाला असता. नॉर्डहोमचे लोक प्रश्नाला उत्तर न देणं असभ्य समजतात. नायगार्ड म्हणाले की त्यांनी पाठीचं कारण दिलं होतं, फार वेळ बसवत नाही. हे त्यांनी ज्या खुर्चीत बसून सांगितलं तीत ते एकोणीस वर्षं बसले होते. आर्डिस फ्लोम ही चर्चच्या भोजन समितीची प्रमुख. तिने आपण आरोपीला ओळखतो असं लिहिलं होतं. ओळखत नव्हती; पण एका गावात राहून ओळखत नाही म्हणणं तिला उद्धटपणाचं वाटलं. मग हात वर व्हायला लागले. लोक आठवून आठवून, एकमेकांना दाद देत आपापली कारणं सांगू लागले. "वा, हे सुचलं नव्हतं," असं कोणी म्हणे, आणि सांगणारा लाजे. जी सभा लाजेने खाली बसेल असं मारेनला वाटलं होतं, ती रंगत गेली.

आणि मग कर्ट सोल्बर्ग उभे राहिले.

घरात तेव्हा समन्सची दोन पत्रं आली होती, एक आईला आणि एक बाबांना, हे मारेनला माहीत होतं. बाबा कसे सुटले हे तिने कधी विचारलं नव्हतं. आपल्याला उत्तराचीच भीती होती, हे तिला त्या क्षणी कळलं.

"मी लिहिलं होतं," बाबा सगळ्या मतांचा आदर करणाऱ्या आवाजात म्हणाले, "की माझी मुलगी फार नाजूक आहे. बाप घरात नसला की घाबरते. थरथर कापते."

सगळं सभागृह वळून मारेनकडे बघू लागलं. मागच्याच आठवड्यात तिने शेजारच्या गावाचे एकतीस फटके अडवले होते आणि त्यांच्या आघाडीच्या खेळाडूला, नियमात राहून, कठड्यावरून पलीकडे पाठवलं होतं. तिच्या हनुवटीवर अजून तीन टाके होते. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली. त्या संध्याकाळी सांगितल्या गेलेल्या कारणांमध्ये हे सर्वोत्तम असल्याचं मत एकमुखाने पडलं. नागरिकांच्या सोयीसाठी निवडक कारणं क्रमांक घालून नगराच्या मासिक पत्रकात छापावीत, असा ठराव आला, अनुमोदन मिळालं, मंजूर झाला. क्रमांक एक, पाठ. क्रमांक दोन, सौजन्यापोटी ओळख. क्रमांक तीन, नाजूक मुलगी.

"बीट खाल्लं असतं तर बरं झालं असतं," दुसऱ्या दिवशी बसमध्ये मारेन म्हणाली. टेगनने मुकाट्याने खिडकीची जागा दिली.

पण सहावा विषय बाकीच होता. आर्डिस फ्लोमचं म्हणणं पडलं की नुसती असहमती नोंदवून काय होणार. बारा माणसं चुकली, तर दुसरी बारा बसवून गावाने आपला निकाल द्यावा. कायद्यात तो धरणार नाहीत, पण गावात धरतील. अशा रीतीने 'नागरी पुनर्निर्णय मंडळ' स्थापन झालं. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून बारा जण निवडायचे, शाळेच्या बास्केटबॉलच्या सभागृहात सहा दिवस संध्याकाळी बसायचं, पुरावा ऐकायचा, निकाल द्यायचा. ठराव इतक्या उत्साहाने मंजूर झाला की लोक उभे राहिले. नायगार्डसुद्धा, पाठ असूनही.

लोइसने बारा पत्रं धाडली. आठवड्याच्या आत बाराही उत्तरं आली. त्यात फक्त आकडे होते. तीन. तीन. एक. तीन. दोन. तीन. लोकांनी पत्रक वाचलं होतं, हे पाहून लोइसला समाधान वाटलं. तिने चोवीस पत्रं धाडली. मग पन्नास. मग जवळजवळ सगळी यादी. ज्यांच्या अंगणातली 'न्याय मेला'ची पाटी सगळ्यात मोठी, त्यांचा आकडा सगळ्यात आधी आला. इतिवृत्ताप्रमाणे नॉर्डहोममध्ये तेव्हा सहाशे अकरा नाजूक मुली होत्या. शाळेच्या पटावर मुली होत्या चौऱ्याण्णव, आणि त्यांतल्या तेवीस हॉकी खेळत. चर्चचे अविवाहित पाद्रीही क्रमांक तीनवर सुटले, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, फक्त लोइस म्हणाली, "वेगळं आहे."

शाळेत मारेनला आता सगळे दार उघडून धरत. गणिताच्या बाईंनी विचारलं, प्रश्नपत्रिकेची भीती वाटत असेल तर आधी सांग. हॉकीच्या प्रशिक्षकाने तिचा गाल थोपटला, जे त्याने तिला टाके पडले तेव्हाही केलं नव्हतं.

यादी संपत आली तेव्हा बारा नावं उरली. ही मूळच्या ज्यूरीची. त्यांना वगळावं असं सगळ्यांच्या मनात होतं, पण ठरावात तसं लिहायचं राहून गेलं होतं, आणि लोइस नियमाला पक्की होती. तिने बारा पत्रं धाडली. बाराही जणांनी लिहिलं: येतो.

त्या संध्याकाळी आईने शिडी लावली आणि माळ्यावरून भांडं काढलं. मारेनने खालून ते झेललं. मारेनने बटाट्याच्या गोळ्या मांडायला घेतल्या. तिच्या रांगा वाकड्या आल्या, त्या आईने तशाच राहू दिल्या.

बास्केटबॉलच्या सभागृहात बारा घडीच्या खुर्च्या होत्या. बघायला मात्र सगळं गाव बाकांवर दाटलं होतं. नाजूक मुलींचे बाप पुढच्या रांगेत. बाराही जण आपापलं भांडं घेऊन आले होते, ती भिंतीशी लांब टेबलावर ओळीने ठेवली होती. नायगार्डनी उभं राहून ड्वेन प्रिबिलवरचा आरोप वाचला आणि मंडळाला विचाराला सुरुवात करायला सांगितलं.

"पुरावा?" जोलीन म्हणाली.

नायगार्डनी लोइसकडे पाहिलं. पुरावा गोळा करायला नेमलेल्या समितीचे पाचही सदस्य क्रमांक तीनवर रजेवर असल्याचं लोइसने वाचून दाखवलं. नायगार्ड म्हणाले, तुम्ही तो एकदा ऐकलाच आहे, तेवढाच वेळ वाचेल.

"मग निकालही एकदा दिलाच आहे," जोलीन म्हणाली. "बदलायला काही नवीन दिलंत का?"

कोणी काही दिलं नव्हतं. बारा जणांनी माना हलवल्या, आणि सात मिनिटांत नॉर्डहोम नगराने आपला स्वतंत्र, सार्वभौम, लोकमान्य निकाल जाहीर केला: निर्दोष. आर्डिस फ्लोम उठली आणि नगराच्या निकालाशी नगराने असहमती नोंदवावी असा ठराव तिने मांडला. तो मंजूर झाला. पाट्या बदलाव्या लागल्या नाहीत.

एवढं झाल्यावर दुसऱ्या बाकावरून इव्हलिन हेगन उठली. त्या दिवशीही ती दुसऱ्या बाकावरच बसली होती. तिथली सवय लागली असावी. काठी टेकत ती भिंतीशी गेली. कागदाची थाळी घेतली. बारा भांड्यांवरून नजर फिरवली आणि चमचा नेमका वाकड्या रांगांच्या भांड्यात घातला. तिथेच उभी राहून तिने दोन घास खाल्ले. सगळं गाव तिचा जबडा हलताना बघत होतं.

"मीठ जास्त पडतं तुझं, जोलीन," ती म्हणाली.

"पडतं," आई म्हणाली. "पहिल्यापासून पडतं."

"माझ्या लॉइडला चालायचं." आणि थाळीकडे बघत, "तुम्ही नीट ऐकत होतात. मी बघत होते ना. पटलं मला नाही. पण तुम्ही ऐकत होतात."

मारेनला नक्की आठवतं की त्यानंतर कोणीच काही बोललं नाही, आणि ते पहिल्यांदाच पद्धत म्हणून नव्हतं.

पुढच्या बुधवारी हेगनबाईंनी घेतलं म्हटल्यावर न घेणं वेगळं दिसलं असतं. जोलीनच्या भांड्याचा तळ साडेसहाला लागला. आर्डिस फ्लोमने कृती मागितली आणि आपण पहिल्यापासून ज्यूरीच्याच बाजूचे होतो, अंगणातली पाटी नवऱ्याची, असं मिठाच्या प्रमाणाबरोबर सांगून टाकलं.

एप्रिलमध्ये मारेनला अठरा पूर्ण झाली, आणि नवव्या दिवशी तिच्या नावाचं जिल्हा न्यायालयाचं पाकीट आलं. वरच्या तळ्याकाठी कोणाला तरी कोणीतरी मारल्याचा आरोप होता. बातमी दोन ओळींची होती. टेगनने फोटो पाहून सांगितलं, यानेच केलंय. बेका म्हणाली, छे, डोळे किती गरीब आहेत. मारेनने पाकीट फोडलंही नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसले. गुरुवार असूनही उरलेला हॉटडिश नव्हता. बाबांनी मासे तळले होते. त्यांनी फॉर्म वाचला, पेन काढून दिलं आणि माफीच्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'परीक्षा' असं लिही, म्हणाले. तीन तुला लागू होणार नाही, तुला मुलगी नाही. मग तीन महिने मनात असलेली गोष्ट विचारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही आणि ते आईकडे वळले.

"आता तरी सांग, जोलीन. घरातच आहोत. त्याने मारलं का?"

आईने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"तुला पत्र आलं होतं, कर्ट."

हेच उत्तर ऐकायला कोणी इथपर्यंत आलं असेल, तर त्यांनाही दुसरं मिळणार नाही. खोपटात त्या दिवशी काय झालं, पावलं कोणाची उमटली, कोणी काय पाहिलं, यातलं या गोष्टीत काहीही आलेलं नाही. एक माणूस स्टिअरिंगवरून बोट उचलत नाही आणि यंत्रात पेट्रोल भरून देतो, एवढंच आलं आहे. तेवढ्यावर वाचणाऱ्याच्या मनातल्या अंगणात एव्हाना एकही पाटी रोवली गेली नसेल, तर तो नॉर्डहोमचा नाही, इतकंच म्हणता येईल.

मारेनने पेन घेतलं, रकान्यात काहीतरी लिहिलं, फॉर्म घडी करून पाकिटात घातला आणि पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवून टाकली.

"मी ठरवलंय. मी जाणार आहे," ती म्हणाली. "परत आले की काय झालं ते विचारायचं नाही. आणि बाबा, कारणाच्या रकान्यात मी खरं तेच लिहिलंय: घरी वडील फार नाजूक आहेत, पण राहतील एकटे."